बाळसे कशासाठी?

तीन-चार महिन्यांचे मूल गुटगुटीत दिसू लागले, की ‘छान बाळसे धरले’ असे आपण कौतुकाने म्हणतो. हे बाळसे म्हणजे मुख्यतः त्वचेखालची चरबी. तिची साठवण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांतच सुरू होते. जन्मतः बाळाच्या वजनात १२ ते १५ टक्के चरबी असते. चिंपांझीचे पिल्लू मात्र हडकुळेच जन्मते. इतक्या जवळच्या नात्यात हा फरक का पडला असावा?

याचे उत्तर मेंदूत आहे. प्रौढ माणसाचा मेंदू वजनाने शरीराच्या जेमतेम २ टक्के. पण विश्रांतीच्या वेळी लागणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के ऊर्जा तो घेतो. तान्ह्या बाळात हा वाटा निम्म्याहून अधिक असतो. बाळ आजारी पडले, दूध कमी पडले, तरी हा खर्च थांबवता येत नाही. अशा वेळी यकृत चरबीपासून कीटोन नावाची द्रव्ये बनवते आणि त्यांवर मेंदूचे काम चालते. उत्क्रांतीच्या ओघात ज्या बाळांजवळ ही शिदोरी होती ती अधिक तगली, असे अनेक शास्त्रज्ञ मानतात.

स्नायूंचे काय? चिंपांझीचे स्नायू आपल्यापेक्षा जोरकस, पण लवकर थकणारे. आपल्या स्नायूंत सावकाश आकसणारे, कमी ऊर्जेत दीर्घकाळ काम करणारे तंतू अधिक असतात. मैलोन् मैल चालणाऱ्या प्राण्याला ते सोयीचेच.

पण गर्भातच पोषण अपुरे पडले, तर काटकसर कशात होते? पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून जवळच्या सहा गावांतील माता व बाळांचा अभ्यास केला. तेथील बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपल्या बाळांचे स्नायू बरेच कमी होते, चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. पुढे खाणे वाढले आणि हालचाल घटली, की अशा शरीराला मधुमेहाचा धोका अधिक संभवतो.

म्हणून शाळेत मुलांची वजने नोंदवताना एक गोष्ट आपण ध्यानात ठेवू. काटा चरबी आणि स्नायू वेगळे दाखवत नाही. किडकिडीत दिसणाऱ्या मुलालाही डाळ, दूध, अंडी जितकी हवीत, तितकाच खेळाचा तासही हवा. तो तास गणिताला देण्यापूर्वी एवढा विचार जरूर करू या.