पहाटेचे विमान आणि काळीपिवळी

गेल्या आठवड्यात पहाटे साडेतीनच्या सुमारास गिरगावातून विमानतळासाठी टॅक्सीत बसलो असता, मीटर पाडण्यापूर्वीच वृद्ध चालकाने ‘सांताक्रूझ की सहार?’ असा जो प्रश्न केला, तो मला अत्यंत मोलाचा वाटला.

कारण मुंबईचा हा विमानतळ एकच असला, तरी विलेपार्ल्याच्या बाजूचे, जुन्या सवयीने सांताक्रूझ म्हटले जाणारे टर्मिनल १ आणि २०१४ साली खुले झालेले सहारचे टर्मिनल २ यांच्यामध्ये रस्त्याने काही किलोमीटरांचा वळसा पडतो. आणि देशांतर्गत विमाने दोन्हीकडून सुटत असल्याने तिकिटावरील टर्मिनलचा आकडा रात्रीच पाहून ठेवणे इष्ट.

मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंत मीटरच्या भाड्यावर २५ टक्के जादा आकार हा कायदेशीर दर आहे, चालकाची मनमानी नव्हे; तेव्हा त्यावरून हुज्जत घालू नये. सागरी सेतूने गेल्यास पथकर निराळा.

सामान स्वीकारण्याची खिडकी देशांतर्गत उड्डाणाच्या साधारण तासभर आधी बंद होते. म्हणून दोन तास आधी दारात पोहोचावे, हा माझा शिरस्ता.

उपनगरांतून रिक्षाने जाणाऱ्यांनी आपला अनुभव अवश्य कळवावा.