हमरियातून मागवा गावचं दप्तर

शारजातला हमरिया फ्री झोन १९९५ साली स्थापन झाला. तिथे राबणाऱ्या मराठी माणसाच्या जमिनीची, जन्माची, लग्नाची नोंद मात्र गावाकडच्या दप्तरातच असते. ती मागण्याचा हक्क समुद्र ओलांडल्याने संपत नाही.

• सातबारा : महाभूमी संकेतस्थळावर डिजिटल स्वाक्षरीचा उतारा १५ रुपयांत मिळतो. तो कायदेशीर कामांना चालतो.

• जन्म, विवाह दाखला : ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महापालिकेकडून. अमिरातीत वापरायचा असेल, तर राज्य शासन, भारताचं परराष्ट्र मंत्रालय, अमिरातीचा दूतावास आणि शेवटी तिथलं परराष्ट्र मंत्रालय, असे शिक्के लागतात.

• इतर कागद : माहिती अधिकार कायदा, २००५. भारतीय नागरिकाला परदेशातूनही अर्ज करता येतो. शुल्क १० रुपये. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय, मजकूर १५० शब्दांपर्यंत. माहिती कशासाठी हवी, हे सांगावं लागत नाही. कार्यालय राज्याच्या आरटीआय पोर्टलवर नसेल, तर सही केलेला अर्ज घरच्यांकरवी पोहोचवा आणि पोच जपा.

• काय लिहावं? : गट क्रमांक, फेरफार क्रमांक, वर्ष. ‘असं का केलं?’ विचारू नका. ‘या आदेशाची प्रत द्या’ असं मागा.

• मुदत : ३० दिवस. उत्तर आलं नाही, तर पुढच्या ३० दिवसांत वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पहिलं अपील. त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं.