क्युबात मतदान होतं, मग निवड कुठे होते?

क्युबाचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच सूर लागतात. एकाच्या मते तिथे पैशाविना निवडणूक होते, म्हणून खरी लोकशाही तीच. दुसऱ्याच्या मते तिथे निवडणूक नावाची चीजच नाही. कॅस्ट्रो घराणं म्हणेल ती पूर्व दिशा. दोघांचंही थोडं खरं आणि बरंच चुकलेलं आहे.

कॅस्ट्रोंचं आधी उरकू. मिगेल दियाझ-कानेल 2018 मध्ये राष्ट्रप्रमुख झाले आणि 2021 मध्ये राऊल कॅस्ट्रोंच्या जागी कम्युनिस्ट पक्षाचे प्रथम सचिवही. घराण्याचं वजन संपलं असं कोणी म्हणणार नाही, पण कारभार एका कुटुंबाच्या दिवाणखान्यातून चालतो हे चित्र जुनं झालं. कारभाराला यंत्रणा आहे आणि ती समजून घेण्यासारखी आहे.

मतदान होतं. 1976 च्या राज्यघटनेपासून ते ठरल्याप्रमाणे होत आलं आहे आणि मताचा हक्क सोळाव्या वर्षीच मिळतो. नगरपालिकेच्या पातळीवर तर खरी लढतही असते. वस्तीतले लोक चौकात जमतात, कोणीतरी नाव सुचवतं, हाच माणूस का ते चार शब्दांत सांगतं आणि हात वर करून उमेदवार ठरतो. एका प्रभागात किमान दोन, जास्तीत जास्त आठ. मग गुप्त मतदान, आणि कुणालाच निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत तर दुसरी फेरी. मतपेटीच्या दोन्ही बाजूंना गणवेशातली शाळकरी मुलं राखण करत उभी असतात. सभा नाही, पत्रकं नाहीत, भोंगे नाहीत. उमेदवाराचा फोटो आणि थोडक्यात परिचय भिंतीवर लागतो, तोच काय तो प्रचार.

पण तो परिचय उमेदवार स्वतः लिहीत नाही, निवडणूक यंत्रणा लिहिते. 2015 मध्ये हवानात सरकारविरोधी गटांतले दोन जण शेजाऱ्यांनी हात वर केल्याने उमेदवार झाले. भिंतीवरच्या अधिकृत परिचयात त्यांचे ‘प्रतिक्रांतिकारक’ गटांशी संबंध असल्याचं नमूद झालं. दोघेही हरले. गुप्त मतदानाच्या आधी एक उघडं मतदान असतं आणि त्यात शेजारपाजार कोणाचा हात वर आहे ते पाहत असतो, हे हिशेबात धरायलाच हवं.

वर, राष्ट्रीय लोकसत्ता सभेत म्हणजे संसदेत, गणितच बदलतं. मार्च 2023 मध्ये जागा 470 होत्या आणि उमेदवारही 470. आपल्याकडे ग्रामपंचायत बिनविरोध झाली की मतदानच होत नाही. तिथे होतं, कारण निवडून यायला निम्म्याहून अधिक वैध मतं लागतात. सगळ्या 470 जणांना ती मिळाली. अख्ख्या यादीला एका खुणेत मत देण्याची सोय मतपत्रिकेवरच असते आणि बहुसंख्य लोक ती वापरतात.

इथेच सर्वांत पक्का गैरसमज भेटतो: पक्ष तिकीट देतो. कायद्याने तिथे कम्युनिस्ट पक्षाला उमेदवार उभा करताच येत नाही, आणि उमेदवार पक्षाचा सदस्य असण्याची अटही नाही. यादी करतो उमेदवारी आयोग. त्यात कामगार महासंघ, महिला महासंघ, शेतकरी आणि विद्यार्थी संघटना, वस्तीवस्तीतल्या क्रांतिरक्षण समित्या यांचे प्रतिनिधी बसतात. ऐकायला झकास. पण 2021 च्या महाअधिवेशनात पक्षाचं पॉलिटब्युरो निवडलं गेलं, त्यात कामगार महासंघाचे प्रमुख आणि महिला महासंघाच्या प्रमुख होतेच. शिवाय राष्ट्रप्रमुख, पंतप्रधान आणि सभेचे अध्यक्षही होते. पक्ष तिकीट देत नाही कारण त्याला द्यावं लागत नाही. राज्यघटनेचं पाचवं कलमच त्याला समाज आणि राज्य यांची सर्वोच्च मार्गदर्शक शक्ती ठरवतं.

मग नाराजी दिसते कुठे? गैरहजेरीत. एकेकाळी पंच्याण्णव टक्क्यांच्या वर जाणारं मतदान नोव्हेंबर 2022 च्या नगरपालिका निवडणुकीत सत्तरच्या खाली आलं. जिथे विरोधी पक्षाला मत देता येत नाही, तिथे घरी बसणं हेही मतच.

कागदावर सर्वोच्च अधिकार सभेचा. प्रत्यक्षात तिची नियमित अधिवेशनं वर्षातून दोन, तीही काही दिवसांची. मधल्या काळात 21 जणांची राज्य परिषद हुकूमनामे काढते. सभेत एकमत इतकं सवयीचं की डिसेंबर 2013 मध्ये कामगार कायद्यावर एका सदस्येने ‘नाही’ म्हटलं, तर त्याची जगभर बातमी झाली. त्या मारिएला कॅस्ट्रो, राऊल यांच्या कन्या. लिंगओळखीवरून होणाऱ्या भेदभावाला कायद्यात स्पष्ट मनाई नव्हती, हा त्यांचा आक्षेप.

तरी खालचं वर काहीच पोचत नाही असंही नाही. 2018 मध्ये नव्या राज्यघटनेच्या मसुद्यात समलिंगी विवाहाची वाट मोकळी करणारं कलम होतं. देशभरच्या चर्चासभांत त्याला इतका विरोध झाला की सरकारने ते मागे घेतलं. तोच मुद्दा कुटुंब संहितेतून सप्टेंबर 2022 मध्ये सार्वमताला गेला आणि मंजूर झाला. सुमारे एक तृतीयांश मतं विरोधात पडली.

आता याच्या शेजारी 2002 ठेवून पाहा. तेव्हाच्या घटनेनुसार दहा हजार मतदारांच्या सह्यांनी कायद्याचा प्रस्ताव मांडता येत असे. विरोधी कार्यकर्ते ओस्वाल्दो पाया यांनी नागरी स्वातंत्र्य आणि खुल्या निवडणुकांसाठी अकरा हजारांवर सह्या रीतसर दाखल केल्या. उत्तरादाखल सरकारने स्वतःची सह्यांची मोहीम काढली, ऐंशी लाखांच्या वर सह्या गोळा केल्या आणि समाजवाद ‘अपरिवर्तनीय’ असल्याचं घटनेतच घालून टाकलं. विवाहावर लोक बोलू शकतात. सत्तेच्या रचनेवर नाही.

‘समाजवाद म्हणजे सगळं सरकारी’ हेही आता जुनं. 2021 पासून शंभर माणसांपर्यंतच्या खासगी कंपन्यांना परवानगी आहे. मात्र पर्यटन, किरकोळ विक्री, बंदरं अशा डॉलर आणणाऱ्या धंद्यांचा मोठा वाटा लष्कराच्या ‘गाएसा’ या उद्योगसमूहाकडे आहे. मे 2024 मध्ये देशाच्या महालेखानियंत्रक ग्लादिस बेहेरानो यांनी एका मुलाखतीत सांगून टाकलं की गाएसाचे हिशेब तपासणं आपल्या कार्यालयाच्या कक्षेत येत नाही. सभेने त्याच वर्षी जुलैत त्यांच्या जागी दुसऱ्या व्यक्तीची नेमणूक केली.