सेक्टर ५ मधील ५७ क्रमांकाचे घर

जुने घर म्हटले की इंग्रज माणसाच्या डोळ्यांपुढे खेड्यातील जमीनदाराचा दगडी वाडा उभा राहतो. मध्यभागी उंच दालन, त्यात मोठी शेकोटी, एका बाजूस मुदपाकखाना, दुसऱ्या बाजूस धन्याची खाजगी खोली, अशी त्याची मूळ मांडणी असे. जाड भिंती आतली ऊब धरून ठेवीत. त्याच दालनात कुळांचे तंटे तुटत आणि खंडाचा हिशेब होई. आपल्याकडील देशमुखांच्या वाड्याशी त्याचे नाते जवळचे आहे. दोन्हीकडे घर हीच कचेरी होती आणि घराची उंची हेच सत्तेचे माप होते.

चंदीगडमध्ये असा वाडा आढळत नाही. १९४७ च्या फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेले आणि पूर्व पंजाब राजधानीला मुकला. त्यानंतर वसविलेल्या या नगरीचे शिल्पकार ल कॉर्बुझिए यांनी राज्यपालांसाठी प्रासाद योजिला होता. परंतु लोकशाहीतील राज्यपालाला असा थाट शोभत नाही, असे पंडित नेहरूंचे मत पडले आणि प्रासाद कागदावरच राहिला. सत्तेच्या घराची जागा अशी रिकामी राहिली. मग या शहरातील घराचा इतिहास कोठे शोधावयाचा? तो सरकारी नोकरांच्या वसाहतींत शोधावा लागतो.

या वसाहतींचे काम मॅक्सवेल फ्राय व जेन ड्रू हे इंग्रज दांपत्य आणि कॉर्बुझिए यांचे चुलतबंधू पियेर जॅनरे यांच्याकडे होते. मुख्यमंत्र्यांपासून शिपायापर्यंत घरांच्या १३ श्रेणी ठरल्या. श्रेणी होत्या, म्हणजे विषमता होतीच. मात्र शिपायाच्या घरालाही स्वयंपाकघर, न्हाणीघर व वीज असावी, हा आग्रह त्या काळी लहान नव्हता.

जॅनरे यांचा जन्म २२ मार्च १८९६ रोजी जिनिव्हा येथे झाला. १९५१ मध्ये ते येथे आले; १९५४ पासून १९६५ पर्यंत सेक्टर ५ मधील ५७ क्रमांकाच्या घरात त्यांचे वास्तव्य होते. हे घर त्यांनीच रेखाटलेले, पण सरकारी श्रेणींतीलच एक. इंग्रजी वाड्याचा प्रश्न थंडीचा होता. येथला प्रश्न मुख्यतः उन्हाचा. सिमेंट आणि लोखंड महाग, विटा मात्र जवळच्या भट्ट्यांतून मिळत. म्हणून भिंती विटांच्या केल्या आणि विटांचीच जाळी करून ऊन अडविले. वारा मात्र मोकळा ठेवला. जाळी ही आपल्या जुन्या हवेल्यांची युक्ती. परदेशी शिल्पज्ञाने ती स्वस्त विटेत उतरविली, यातच या बांधकामाचे मर्म आहे.

घरासाठी आणि कचेऱ्यांसाठी लागणारे सामानही जॅनरे व त्यांच्या सहकाऱ्यांनी रेखाटले. सागवानी लाकूड आणि वेत यांच्या साध्या खुर्च्या स्थानिक सुतारांनी केल्या. पुढे त्या जुन्या झाल्या, मोडीत निघाल्या, कवडीमोलाने विकल्या गेल्या. आणि परदेशच्या लिलावांत त्यांना प्रचंड किंमत येऊ लागली, तेव्हा आपण काय गमावले हे उमगले. २०११ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने अशा वस्तूंच्या विक्रीस व निर्यातीस मनाई केली. २०१७ साली ५७ क्रमांकाचे घर संग्रहालय म्हणून खुले झाले.

दगडी वाडा शतकानुशतके टिकतो, कारण त्याचे मोठेपण पाहताक्षणी पटते. विटांच्या साध्या घराला ती सोय नसते. त्याचा विचार समजला तरच ते वाचते, नाही तर दुरुस्तीच्या नावाखाली नाहीसे होते. शहरातील अशी असंख्य घरे आजही राहती आहेत, आणि त्यांचे भवितव्य त्यांत राहणाऱ्यांच्या जाणतेपणावर अवलंबून आहे.

जॅनरे यांचे निधन १९६७ मध्ये झाले. त्यांच्या इच्छेनुसार १९७० मध्ये त्यांच्या अस्थी चंदीगडच्या सुखना सरोवरात विसर्जित करण्यात आल्या. सरकारने दिलेल्या घरात अकरा वर्षे राहिलेल्या या परदेशी गृहस्थाने आपले गाव कोणते मानले, हे त्यावरून स्पष्ट होते.