वडिलोपार्जित घर नेमके कोणाचे?

तळेगाव दाभाड्याजवळील आंबी हे मावळ तालुक्यातील गाव. परिसरात औद्योगिक वसाहत आल्यापासून येथील जागांना भाव आला आणि शेतजमिनीपाठोपाठ गावठाणातील जुन्या घरांच्या मालकीचे प्रश्नही वर येऊ लागले. घर आजोबांच्या नावावर, त्यात राहणारा थोरला मुलगा, बहिणी सासरी आणि धाकटा भाऊ पिंपरीत, हे चित्र अशा गावांत नवे नाही. विक्रीची किंवा कर्जाची वेळ आली, की कुणीतरी ‘प्रोबेट आणा’ म्हणून सांगतो आणि सारे कुटुंब धास्तावते.

प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचा न्यायालयाने दिलेला दाखला. मृत्युपत्रच नसेल, तर त्याचा प्रश्न उद्भवत नाही. असले, तरी हिंदूंच्या बाबतीत ही सक्ती महाराष्ट्रात मुंबई शहरात केलेल्या मृत्युपत्रांपुरती किंवा तेथील स्थावर मिळकतीपुरतीच होती. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने भारतीय उत्तराधिकार अधिनियमातील कलम २१३ वगळले आणि तीही संपली. मात्र मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यातच, आणि वाद झाल्यास ते न्यायालयात सिद्ध करावे लागते.

मृत्युपत्र नसताना पुरुषाच्या स्वकष्टार्जित घरात पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असल्यास त्याची आई यांना हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ प्रमाणे सारखा वाटा मिळतो. एखादे अपत्य आधीच वारले असल्यास त्याचा वाटा त्याच्या वारसांकडे जातो. हा हक्क मृत्यूच्या क्षणीच निर्माण होतो, सरकारी नोंदीची वाट पाहत नाही. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत तर मुलीचा हक्क जन्मतःच असतो, असे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात २०२० साली स्पष्ट केले. राहत्या घराबाबत पूर्वी एक विचित्र अट होती: भावांनी वाटप करावयाचे ठरविल्याखेरीज मुलीला ते मागता येत नसे. ते कलम २३ सन २००५ मध्ये रद्द झाले. पण गावकीच्या बोलण्यातून अजून पुरते गेलेले नाही.

खरा घोळ कागदांत असतो. जुन्या उताऱ्यांवर थोरल्याच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, असे लिहिलेले आढळते. तो व्यवस्थापक होता, एकटा मालक नव्हे. पुढे ती तीन अक्षरे उताऱ्यावरून गळतात आणि व्यवस्थापकाचा मालक होतो. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा तर कर आकारणीचा उतारा. त्यावर नाव लागले म्हणून घर आपले झाले, असे समजणाऱ्यांनी सर्वोच्च न्यायालयाचे निकाल पाहावेत; फेरफार नोंदीने मालकी मिळत नाही, हे त्या न्यायालयाने वारंवार सांगितले आहे. सहहिस्सेदार केवळ वर्षानुवर्षे घरात राहिला म्हणून इतरांचा हक्क बुडत नाही, हेही तितकेच खरे.

तरीही नोंद करून घ्यावीच. घर शेतजमिनीच्या गटात असेल, तर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी) वारसाची वर्दी द्यावी. हितसंबंधितांना नोटीस जाऊन मग फेरफार मंजूर होतो. गावठाणातील घराची मिळकत पत्रिका निघाली असेल, तर अर्ज भूमी अभिलेख उपअधीक्षकांकडे करावा. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेतून अशा पत्रिका दिल्या जात आहेत. पत्रिका नसेल, तर नमुना ८ वर सर्व वारसांची नावे लावून घ्यावीत.

अर्ज करताना मुलींची नावे वगळण्याचा मोह काही घरांत होतो. अशी नोंद पुढे टिकत नाही आणि खरेदीदाराचा वकीलही ती मान्य करीत नाही. बहिणीला खरोखरच वाटा सोडावयाचा असेल, तर हक्कसोडपत्र नोंदणीकृतच हवे. स्टॅम्पपेपरवरील नोटरीची संमती पुरत नाही.

वारस कोण, यावरच वाद नसेल पण दाखला हवा असेल, तर १८२७ च्या मुंबई विनियमाखाली दिवाणी न्यायालयातून वारस दाखला मिळतो. बँका व रोख्यांसाठीचे उत्तराधिकार प्रमाणपत्र वेगळे. घरासाठी ते उपयोगाचे नाही.

आणि एखाद्या भावाने आपला अविभक्त हिस्सा परक्याला विकलाच, तर त्या खरेदीदाराला घरात राहावयास येता येत नाही. वाटपाचा दावा करावा लागतो. तो त्याने केला, की १८९३ च्या वाटप अधिनियमाच्या कलम ४ प्रमाणे कुटुंबातील हिस्सेदार न्यायालय ठरवील त्या किमतीला तो हिस्सा परत घेऊ शकतो.