दहा लिटरचा हिशेब

एसटीच्या कोणत्याही आगारात इंधनाचा विषय निघाला की ‘केपीटीएल’ हा शब्द हमखास कानावर पडतो. दहा लिटर डिझेलमध्ये गाडीने किती किलोमीटर अंतर कापले, त्याचा हा आकडा. परभणी विभागातील वसमत आगारही त्याला अपवाद नाही. समजा, एखादी बस दररोज ३०० किलोमीटर धावते आणि तिचा केपीटीएल ४५ आहे. तिला सुमारे ६६.७ लिटर डिझेल लागेल. केपीटीएल ४७ वर गेल्यास ६३.८ लिटर पुरेल. फरक रोजचा तीन लिटरहूनही कमी. पण एका गाडीमागे वर्षाकाठी तो हजार लिटरच्या घरात जातो.

ही बचत साधण्यासाठी चालकांना प्रशिक्षण दिले जाते. १९७८ मध्ये स्थापन झालेली पेट्रोलियम संरक्षण संशोधन संस्था (पीसीआरए) देशभर असे वर्ग घेते. गाडी हळू चालवा, एवढाच या शिकवणुकीचा अर्थ नाही. तिचे मर्म आहे पुढचा रस्ता वाचण्यात.

गळीत हंगामात वसमत परिसरातील रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर संथपणे जात असतात. चालकाने वेगात जाऊन ऐनवेळी ब्रेक दाबला, की डिझेल जाळून मिळविलेली गती ब्रेकच्या उष्णतेत वाया जाते आणि तीच गती पुन्हा मिळविण्यासाठी नव्याने डिझेल जाळावे लागते. दुरूनच अंदाज घेऊन अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला आणि गाडी गिअरमध्येच ठेवली, तर चाके इंजिनाला फिरवितात व त्या काळात इंधनपुरवठा जवळजवळ थांबतो. उतारावर गाडी ‘न्यूट्रल’ केल्याने डिझेल वाचते, हा समज म्हणूनच चुकीचा आहे. इंजिन चालू ठेवण्यापुरते इंधन तेव्हाही जळतेच. शिवाय इंजिनाचा अटकाव नाहीसा होऊन सारा भार ब्रेकवर येतो. भरलेल्या बसच्या बाबतीत हा खेळ प्रवाशांच्या जिवाशी आहे.

क्लचवर सतत पाय ठेवणे, थांब्यावर इंजिन उगाच चालू ठेवणे, गिअर बदलण्यापूर्वी इंजिन अकारण ताणणे, या सवयीही मोडाव्या लागतात. वेगाचे गणित तर निराळेच! हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे ६० ऐवजी ८० च्या वेगाने धावताना तो पावणेदोन पटींहून अधिक होतो.

मात्र केपीटीएल हा केवळ चालकाचा गुणांक मानणे योग्य नव्हे. टायरमधील कमी हवा, तुंबलेला एअर फिल्टर, नादुरुस्त इंजेक्टर यांमुळे कुशल चालकाचाही आकडा घसरतो. गावोगावी थांबणारी साधी गाडी आणि विनाथांबा धावणारी गाडी यांची तुलना होऊ शकत नाही. प्रशिक्षणाचा परिणाम मोजायचा असेल, तर तोच मार्ग, तीच गाडी आणि शक्यतो तितकाच भार हवा. ब्रेक धरून राहत असल्याची नोंद चालकाने करूनही गाडी दुरुस्तीविनाच दुसऱ्या दिवशी मार्गावर गेली, तर त्या दिवशीचा तोटा त्याच्या नावावर मांडता येत नाही.