बोंडूच्या वासामागे

‘दारूच्या भट्ट्या बघायला चाललो’ म्हटल्यावर सासूबाईंच्या कपाळावर आठ्याच पडल्या! बरोबरच आहे. ‘आडव्या बाटली’साठी मत देणाऱ्यांतली मी. पण एप्रिलमधल्या एका शनिवारी आम्ही चौघींनी गाडी काढली आणि सावंतवाडीहून बांदा, दोडामार्ग, डिचोली करत गोव्याच्या सत्तरीत पोचलो. वाळपईच्या पुढे बोंडूंचा आंबूस वास आला की समजायचं, भट्टी जवळ आली.

काजू मूळचा ब्राझीलचा, पोर्तुगीजांनी इथे आणलेला. फेणीसाठी बोंडू तोडत नाहीत, पिकून गळलेलेच वेचतात. वेचायचे, बी पिळून वेगळी करायची, ही कंबर मोडणारी कामं बहुतेक बायकांचीच. मग बोंडू तुडवतात. चोथ्यावर दगड ठेवला की निथळतो तो ‘नीरो’, गोडमिट्ट, अजिबात न चढणारा. आम्ही दोन-दोन ग्लास प्यायलो! तुडवलेला रस आंबवून उकळला की हुर्राक. ती आंबलेल्या रसात घालून पुन्हा उकळली की फेणी.

2009 मध्ये काजूफेणीला भौगोलिक मानांकन मिळालं, 2016 मध्ये गोवा सरकारने तिला वारसा पेय ठरवलं. मान बाटलीला मिळाला, वेचणारीला काय? भट्टीवरच्या मावशींना विचारलं, तर बोंडूने काळे पडलेले हात दाखवत म्हणाल्या, “बियांच्या पैशांत पोरांची पुस्तकं येतात. पण घरात कुणी प्यायलेलं मला चालत नाही हां!”

आमच्याकडे बोंडू झाडाखालीच कुजतात. येताना डिकीत बाटली नव्हती, टोपलीभर बोंडू होते. रात्रीच सरबत करायला घेतलं, कारण ते फळ सकाळपर्यंत थांबत नाही.